सेंद्रिय शेती वाढली की शिवारातली कीड वाढते की कमी होते?

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी. विषय थोडा किचकट आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सासवडजवळ आमची सहा एकर जमीन आहे, त्यातली बहुतेक सीताफळाखाली. रासायनिक फवारणी आम्ही पूर्ण थांबवली आहे. मी आठवडाभर पुण्यात नोकरी करते, शेताचं रोजचं सगळं भाऊ आणि वहिनी बघतात. बांधाला बांध लागून एका काकांची सीताफळाचीच बाग आहे. त्यांचं म्हणणं असं की, "तुम्ही फवारत नाही, म्हणून तुमच्याकडचा पिठ्या ढेकूण माझ्याकडे येतो आणि मला दोन फवारण्या जास्त घ्याव्या लागतात." काका वडिलांच्या वयाचे, आमच्या अडीअडचणीला पहिले धावून येणारे. त्यामुळे 'रासायनिकवाल्यांना काय कळतंय' असं म्हणून मला ते उडवून लावायचं नाही.

शोधता शोधता याच प्रश्नावरचा एक मोठा अभ्यास सापडला. कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीत द्राक्षं, बदाम, पिस्ता, गाजर, संत्री असं सगळं पिकतं. तिथे कोणत्या शेतात कोणतं औषध किती फवारलं याची सरकारदरबारी नोंद करावीच लागते. अ‍ॅश्ली लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १४ हजार शेतांच्या सात वर्षांच्या नोंदी तपासल्या. मार्च २०२४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. निष्कर्ष सरळ एका बाजूचा नाही. सेंद्रिय शेताच्या आसपास आणखी सेंद्रिय शेतं असली, तर त्या शेतात कीडनाशकं कमी लागतात. पण रासायनिक शेताच्या शेजारी सेंद्रिय शेत असलं, तर त्या रासायनिक शेतातली फवारणी थोडी वाढते. वाढ लहान आहे, पण आहे.

म्हणजे काकांच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. अभ्यासकांनी पुढे असंही मांडलं आहे की सेंद्रिय शेतं एकेकटी विखुरलेली आणि थोडी असतील तर एकूण फवारणी उलट वाढू शकते. तीच एकमेकांना लागून असतील, किंवा त्यांचा वाटा बराच वाढला, तर एकूण फवारणी कमी होते.

आता हे पुरंदरला कसं लावायचं? कर्नमधलं एक शेत म्हणजे आमच्याकडची अर्धी वाडी. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. तीही दोन-तीन तुकड्यांत. आमच्याकडे सगळं शेत म्हणजे जवळजवळ बांधच! अशा ठिकाणी 'माझं सेंद्रिय, तुझं रासायनिक' याला काही अर्थ उरतो का?

शेतीतले, कीटकशास्त्रातले, आणि सेंद्रिय माल विकत घेणारे अशा सगळ्यांनी लिहा.

---

ओतूरकर

ताई, प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून उत्तर देतो. नाहीतर सेंद्रियच्या धाग्यावर मी बोलत नाही.

आमच्याकडे टोमॅटो. रोपाला पांढरी माशी किंवा फुलकिडे लागले तर नुकसान ते रस किती पितात त्याचं नसतं, व्हायरसचं असतं. एकदा झाड व्हायरसमध्ये गेलं की संपलं. तुमचे मित्रकीटक मावा खाऊन कमी करतील, मान्य. पण ते शंभरातल्या नव्वद माश्या खातील आणि उरलेल्या दहा प्लॉट बसवतील. एकरी खर्च लाखाच्या पुढे जातो. त्यात नारायणगावला क्रेटचा भाव काय मिळेल हे देवालाही माहीत नसतं. अशा वेळी शेजारच्या रानात न फवारलेली भेंडी किंवा वांगी उभी असली की माझ्या पोटात गोळा येतो.

टोमॅटोची पानं-फळं पोखरणारी टुटा अळी तर देशात पहिल्यांदा दिसली तीच २०१४ मध्ये आपल्या पुण्याकडे. तिचा त्रास ज्यानं पाहिलाय त्याला 'निसर्गावर सोडा' असं कोणी सांगू नये.

---

षट्पद

कऱ्हाकाठ, धागा उत्तम. आयुष्यभर कीटकांचंच काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आधी ओतूरकरांचा मुद्दा: ते बरोबर सांगत आहेत. विषाणू पसरवणाऱ्या किडीत आणि नुसतं पान-फळ खाणाऱ्या किडीत फरक करायलाच हवा. नैसर्गिक नियंत्रण किडीची संख्या खाली ठेवतं, शून्यावर आणत नाही. ज्या पिकाला शून्यच लागतं तिथे ते एकट्यानं पुरत नाही.

आता कर्नबद्दल. त्या अभ्यासात शेतातले किडे कोणी मोजलेले नाहीत, मोजली ती फवारणी. शेजारी सेंद्रिय शेत असताना शेतकऱ्यानं जास्त फवारलं, एवढंच त्यातून दिसतं. खरोखर कीड आली म्हणून फवारलं की येईल या भीतीनं, हे त्या नोंदी सांगू शकत नाहीत. तुमच्या काकांशी बोलताना हा फरक लक्षात ठेवा.

सेंद्रिय शेतात किडी जास्त असतात का, यावर २०१८ मध्ये ल्युसिल म्युनेरे यांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिलं. मित्रकीटकांची ताकद सेंद्रिय शेतात जास्त आढळली. रोग आणि किडी यांच्या बाबतीत सेंद्रिय पद्धत रासायनिकच्या बरोबरीची किंवा सरस ठरली. मागे पडली ती तणांच्या बाबतीत. खुरपणीला माणूस मिळत नाही हे आपल्याकडचंही दुखणं आहेच.

पण त्याच वर्षी आणखी एक मोठा अभ्यास आला. १३२ अभ्यासांतल्या ६,७५९ ठिकाणांची माहिती एकत्र करून पाहिलं की शेताभोवती झाडोरा, गवत, जंगल वाढलं तर कीड कमी होते का. उत्तर: काही ठिकाणी हो, काही ठिकाणी नाही, काही ठिकाणी उलटच. म्हणजे 'बांधावर झाडं लावा, कीड जाईल' असं छापील उत्तर कोणी दिलं तर विश्वास ठेवू नका. कोणतं पीक, कोणती कीड, तिचा शत्रू कोण, तो उडतो किती आणि राहतो कुठे, हे बघावं लागतं.

यातलं 'उडतो किती' सगळ्यात महत्त्वाचं. किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही माशी इतकी चिमुकली की ती थोड्याच मीटरपर्यंत पोचते. म्हणून ट्रायकोकार्डचे (ही माशी ज्यातून बाहेर येते त्या कार्डाचे) तुकडे करून एकरात जागोजागी टाचतात, एकाच कोपऱ्यात बांधून चालत नाही. सिरफिड माशी (हिची अळी मावा खाते) मात्र लांब पल्ल्याची. कोळ्यांची पिल्लं धाग्याला लटकून वाऱ्यावर कुठच्या कुठे जातात. ट्रायकोग्रामाचं जग म्हणजे तुमच्या बागेतल्या चार ओळी आणि सिरफिडचं जग म्हणजे अख्खं शिवार.

कऱ्हाकाठ, एक विचारतो. काकांनी पिठ्या ढेकूण नेमका पाहिला कुठे? फळाच्या खोबणीत चिकटून बसलेला की फांदीवर चालताना?

---

कऱ्हाकाठ

चालताना, असं म्हणाले. "पांढरा, झिपऱ्या, चांगला लांबडा, तुरुतुरु पळतो." फोटो नाही.

---

षट्पद

मग खात्री करून घ्या. तुरुतुरु पळणारा पांढरा झिपऱ्या म्हणजे बहुतेक क्रिप्टोलेमसची अळी असणार. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा ढालकिडा. १८९८ मध्ये तो भारतात आणला आणि आता इथलाच झालाय. त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखा मेणाचा पांढरा झगा घालून त्यांच्यातच फिरते आणि त्यांनाच खाते. भल्याभल्या बागायतदारांनी तिला कीड समजून फवारलेली मी पाहिली आहे.

ओळखायची खूण अशी. पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा, अंडाकृती, जागचा हलता हलत नाही. क्रिप्टोलेमसची अळी त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, अंगावरचे मेणाचे धागे लांब आणि विस्कटलेले, काडी लावली की चालायला लागते. हातभिंग घेऊन बघा. जवळ मुंग्यांची ये-जा आहे का तेही बघा. पिठ्या ढेकणाचा गोड चिकटा चाटायला मुंग्या येतात आणि त्याबदल्यात मित्रकीटकांना हुसकावतात. मुंग्यांची वाट तोडली नाही तर कितीही क्रिप्टोलेमस सोडा, काम अर्धंच होतं.

---

भीमथडी

दौंडकडचा ऊसवाला आहे. लोकरी माव्याची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

२००२ साली सांगलीकडून लोकरी मावा पसरत आला. उसाची पानं खालून कापूस पिंजून चिकटवल्यासारखी पांढरी व्हायची आणि वरच्या पानांवर काळी बुरशी. बारा फुटी उसात फवारणार कसं? पंप घेऊन आत शिरलं तरी पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचायचं नाही. लोक हवालदिल झाले होते.

तो आवरला मुख्यतः किड्यांनीच. डिफा नावाच्या पतंगाची अळी, मायक्रोमस नावाचा मावा खाणारा कीटक आणि नंतर एन्कार्सिया ही परोपजीवी (किडीच्या अंगात अंडी घालून तिला मारणारी) माशी. ज्या फडात डिफाच्या अळ्या दिसायच्या तिथली पानं तोडून दुसऱ्या फडात नेऊन अडकवायची, असं काम गावोगाव झालं. ज्याच्या फडात मित्रकीटक आहेत त्यानं फवारू नये, हे तेव्हा शास्त्रज्ञच सांगत होते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं त्यात मोठं काम आहे.

हे जमलं कशामुळे? ऊस सलग होता आणि उंचीमुळे कोणालाच फारसं फवारता येत नव्हतं. मैलोन्‌मैल न फवारलेलं रान मिळालं म्हणून डिफा पसरला. एकाच्या दोन एकरात झालं असतं का? मला नाही वाटत. सेंद्रिय हा शब्दही तेव्हा कोणी उच्चारला नव्हता, सगळे युरिया टाकतच होते. म्हणून मला वाटतं खरा प्रश्न सर्टिफिकेटचा नाही. सलग किती रानावर जहाल औषध थांबलं, हा आहे.

---

षट्पद

भीमथडी, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. पपईचंही तेच झालं. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि पुढे पुण्याकडच्या बागांपर्यंत आला. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याचा नैसर्गिक शत्रू आणला, अ‍ॅसेरोफॅगस पपई. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही ही माशी वाढवून बागांत सोडली. तिनं कीड अशी दाबली की आज नव्या लागवडवाल्यांना तो हाहाकार सांगावा लागतो.

चीनमधला अनुभव तर दोन्ही बाजू दाखवतो. उत्तर चीनमध्ये बीटी कापूस आल्यावर बोंडअळीसाठीची फवारणी घटली. १९९० ते २०१० या काळातल्या ३६ ठिकाणच्या नोंदींतून दिसलं की ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक) आणि कोळी वाढले, मावा कमी झाला आणि हे मित्रकीटक शेजारच्या मका, भुईमूग, सोयाबीनमध्येही पोचले. ही झाली चांगली बाजू. पण फवारणी घटल्यानंच रस शोषणारे मिरिड ढेकूणही कापसात वाढले आणि तिथून सफरचंद, पीच, द्राक्षांच्या बागांत गेले. बांध दोघांनाही अडवत नाही.

---

मुळशीचा भात

आमच्याकडे इंद्रायणी. भातावर कीडनाशक फारसं कोणी मारत नाही. सकाळी दव असताना खाचरात उतरा, कोळ्यांच्या जाळ्यांनी अख्खं खाचर चमकत असतं. वर चतुर आणि टाचण्या. खोडकिडा येतो, पण हाताबाहेर जात नाही.

आता ते बिघडतंय, आणि त्याचं कारण भातात नाही, बांधावर आहे. गवत कापायला माणूस नाही म्हणून बांधावर तणनाशक मारतात. पावसाळ्यात हिरव्या रानात तेवढ्या पिवळ्या जळक्या रेघा दिसतात. दुसरं म्हणजे प्लॉटिंग. जेसीबीनं ताली सपाट, ओढा पाइपात, वर तारेचं कुंपण आणि लॉन. देवराई तेवढी उरली आहे, पण देवराई आणि खाचर यांच्या मधला दुवाच गेला तर ती एकटी काय करणार?

सेंद्रिय शेतीचं क्षेत्र मोजताना बांध कोणी मोजत नाही. माझ्या मते आधी तो मोजावा.

---

वैशाली वा.

मी कोथरूडला राहते, शेती नाही. आठवडे बाजारातून सेंद्रिय भाजी घेते, जास्त पैसे देऊन. आजवर माझा हिशेब एवढाच होता की माझ्या मुलांच्या पोटात औषध जाऊ नये. माझ्या जुडीमुळे शेजारच्या शेतकऱ्याची फवारणी वाढत असेल, असा विचार कधी मनात आला नव्हता. हे वाचून अस्वस्थ झाले. मग मी विकत घेताना काय विचारायला हवं?

---

कऱ्हाकाठ

वैशालीताई, घेणं थांबवू नका! तुमच्या पैशावरच आम्ही टिकलो आहोत. फक्त 'सेंद्रिय आहे का' याच्या पुढचा प्रश्न विचारा: तुमच्या आजूबाजूला आणखी कोण करतं? गटाचा माल आहे का, आणि गटातली रानं एकमेकांना लागून आहेत का? गिऱ्हाईक हे विचारायला लागलं तर गट बांधणाऱ्यांना बळ येईल.

कारण सध्या गट कसे होतात ते सांगते. परंपरागत कृषी विकास योजना २०१५ मध्ये आली, तिची मूळ कल्पनाच गटाची. पन्नास शेतकरी, पन्नास एकर. कल्पना उत्तम आहे. पण आम्ही ज्या गटात होतो त्यातली रानं चार दिशांना होती. कागद भरायला नावं लागतात, म्हणून जो तयार झाला तो घेतला. सहभाग हमी पद्धतीत एकमेकांच्या शेताची पाहणी करायची असते, त्यासाठीही मोटारसायकल काढावी लागायची. प्रमाणपत्र मिळालं, पण किड्यांच्या दृष्टीनं आम्ही सगळे एकेकटेच राहिलो.

आणि ओतूरकर दादा, पगाराच्या जिवावर सेंद्रिय करते असं तुम्ही म्हणाला नाहीत, पण कोणी म्हटलं तर ते खरंच आहे. पहिल्या दोन वर्षांत उत्पन्न पडलं तेव्हा माझ्या पगारानंच घर चाललं. ज्याच्या घरी पगार नाही त्यानं एकट्यानं हा धोका घ्यावा असं मी कधीच म्हणणार नाही.

---

ओतूरकर

ताई, हे शेवटचं बोललात ते मनापासून पटलं.

भीमथडींच्या मुद्द्यावरून विचार करत होतो. आमच्यात खरी गडबड कुठे होते सांगतो. लागण झाल्या झाल्या दुकानदार सांगेल ते मारायचं, आठवड्याला दोनदा, दोन-तीन औषधं एकत्र. मग लाल कोळी (जाळं विणणारा कोळी नव्हे, पानातला रस शोषणारी बारीक कीड) वाढतो, कारण त्याला खाणारे आपणच मारलेले असतात. मग कोळीनाशक, ते आणखी महाग. हे चक्र मी पाहतो, पण एकटा थांबलो आणि प्लॉट गेला तर सावरणार कोण?

व्हायरसपुरतं सोडून बाकी किडींना सगळ्या शिवाराचं मिळून काही करता येईल का, षट्पद काका?

---

षट्पद

येईल, आणि त्यासाठी सगळ्यांनी सेंद्रिय व्हायची गरज नाही. इंडोनेशियात भातावरचा तपकिरी तुडतुडा हाताबाहेर गेला, तेव्हा १९८६ मध्ये सरकारनं भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, कारण तीच तुडतुड्याचे शत्रू मारत होती. शेतकरी रासायनिकच राहिले, खतं टाकतच राहिले, पण जहाल औषधं एकाच वेळी सगळीकडे थांबली.

टोमॅटोत तुमच्यापुरतं सांगतो. रोपवाटिका बारीक जाळीत, लागणीनंतरचे नाजूक दिवस आच्छादनात. विषाणूचा धोका तिथेच सर्वांत जास्त, आणि त्यासाठी मित्रकीटकांच्या भरवशावर राहू नका. भोवती आडोसा म्हणून मक्याच्या दोन-तीन दाट ओळी आधीच लावा. टुटा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) शेजारच्यांनी मिळून, एकाच आठवड्यात लावा. एकट्यानं लावलेल्या सापळ्याचा उपयोग कीड आली हे कळण्यापुरताच. आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं शक्यतो बाजूला ठेवा, लाल कोळी वाढवण्यात त्यांचा मोठा हात असतो.

सेंद्रियवाल्यांनाही एक सांगतो, राग मानू नका. अर्क वनस्पतीचा आहे म्हणून तो मित्रकीटकांना निरुपद्रवी असतोच असं नाही. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम सेंद्रियमध्ये चालतं, पण ढालकिड्यालाही मारतं. फवारण्याआधी पान उलटून बघा. केसासारख्या दांडीवर टांगलेली पांढरी-हिरवी अंडी दिसली तर ती क्रायसोपाची. मावा फुगून तपकिरी, कडक झाला असेल आणि त्याच्या पाठीवर गोल भोक असेल, तर आतून परोपजीवी माशी निघून गेली आहे. असे मावे बरेच दिसले तर हात आवरा, पंप ठेवून द्या.

आणि बांधावर काहीतरी सतत फुलतं ठेवा. क्रायसोपाची अळी मावा खाते, पण प्रौढ क्रायसोपा मकरंद आणि परागांवर जगतो. तुळस, बडीशेप, कोथिंबीर, झेंडू, चवळी, काहीही. फक्त गाजरगवत राहू देऊ नका. त्यावर पिठ्या ढेकूण पोसतो. देशात गाजरगवताची पहिली नोंद १९५५ मध्ये पुण्यातच झाली, तेव्हा ते उपटायची जबाबदारी आपलीच धरा.

---

कऱ्हाकाठ

रविवारी हातभिंग घेऊन काकांबरोबर दोन्ही बागा फिरले. दोन्ही गोष्टी निघाल्या. आमच्या बाजूच्या फांद्यांवर जे पळत होतं ते क्रिप्टोलेमसच, काडी लावली की चालायचं. काका बराच वेळ भिंगातून बघत होते. एका अळीनं पिठ्या ढेकूण तोंडात धरला तेव्हा त्यांनी काकूंना हाक मारून दाखवलं. पण काकांच्या फळांच्या खोबणीत खरा पिठ्या ढेकूणही होता, भरपूर, आणि खोडावरून मुंग्यांची अखंड रांग. आमच्याकडेही बांधालगतच्या तीन झाडांवर तो होता. आमच्याकडून गेला की त्यांच्याकडून आला हे कोणी सांगू शकणार नाही.

काका फवारणी बंद करणार नाहीत, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. मुलीचं लग्न आहे, या वर्षी प्रयोग नको. पण तीन गोष्टी ठरल्या. बांधाला लागून असलेल्या त्यांच्या दोन ओळी ते फवारणार नाहीत, तिथे नुकसान झालं तर तेवढी फळं आम्ही बाजारभावानं घेऊ. दोन्हीकडच्या खोडांना चिकट पट्ट्या बांधून मुंग्या अडवायच्या. आणि सामाईक बांधावरचं तणनाशक बंद, गवत आमचा भाऊ कापेल.

पलीकडचे आणखी दोघं म्हणाले, पुढच्या बहाराआधी बसू. सगळे जोडले तर सलग बावीस एकर होतं.

---

भीमथडी

नुकसान भरून द्यायचं ठरवलंत हे फार महत्त्वाचं केलंत. त्याशिवाय कोणी एक ओळसुद्धा सोडणार नाही. त्या दोन ओळींची आणि आतल्या ओळींची फळं वेगळी मोजा, किडकी किती, चांगली किती. पुढच्या बैठकीत बोलण्यापेक्षा तो कागद जास्त काम करेल.

---

ओतूरकर

उन्हाळी टोमॅटोच्या लागणीआधी शेजारच्या दोघांशी बोललो. कामगंध सापळे एकत्र आणायचे ठरलं, मक्याचं बी घेतलंय. बाकी फवारणी नेहमीसारखीच राहील, पण एका बाजूच्या दहा सऱ्या पान उलटून बघितल्याशिवाय मारणार नाही. षट्पद काका, चिकट सापळे पिवळे लावू की निळे? फुलकिडे आणि पांढरी माशी दोन्ही मोजायची आहेत.

---

षट्पद

दोन्ही लावा. पांढऱ्या माशीला पिवळे, फुलकिड्यांना निळे. पिकाच्या शेंड्याच्या जरा वर टांगा आणि पीक वाढेल तसे वर सरकवा. दर आठवड्याला एकाच वारी मोजून इथेच आकडे टाका, मक्याकडच्या बाजूचे आणि उघड्या बाजूचे वेगळे.